इतर अधिकार

पीक विम्यासाठी सातबारा काढून आणला होता. दोन दिवस पावसानं उघाड दिली होती, म्हणून परसातल्या कडुलिंबाखाली बाज टाकली आणि गट नंबर, क्षेत्र, नाव असं एकेका ओळीवर बोट ठेवून वाचत बसलो. मागे एकदा आजोबांच्या नावातलं एक अक्षर गळालं होतं आणि ते परत आणायला दीड वर्ष गेलं. तेव्हापासून मी सातबारा पोथीसारखा वाचतो. तर वाचता वाचता वरून टप्प. पांढरा ठिपका, मध्ये हिरवट काळं काहीतरी, कडेनं एक ओघळ. आणि पडला तोही नेमका 'इतर अधिकार' या रकान्यात.

"तुमाले कितीदा सांगतलं, त्या झाडाखाली कागदपत्रं घेऊन बसत नका जाऊ म्हणून." हे घरातून.

वर पाहिलं तर ऊन डोळ्यांत गेलं. पाखरू काही दिसलं नाही. साळुंकी असेल, म्हणून सोडून दिलं. परसात जे काही वाईट होतं ते साळुंकीच्या नावावर मांडायची माझी जुनी पद्धत आहे.

खरं तर मला शीट बऱ्यापैकी वाचता येते. ही काही चारचौघांत सांगायची विद्या नाही, पण आहे. मृग लागला की बाजेवर जांभळे डाग पडतात, म्हणजे बुलबुलांनी नाल्याकाठच्या जांभळी गाठल्या. मग निंबोण्यांच्या बियांचा सडा. आणि कधी तुळशीवृंदावनाच्या भेगेत दोन पानांचा पिंपळ हसत उभा दिसला, तर कुठल्या तरी पाखरानं गेल्या साली तिथं बसून काय केलं होतं ते कळतं. हा पिंपळ वेळीच उपटला तर ठीक. आमच्याकडे तो उपटायला कोणी तयार होत नाही. वडील म्हणायचे, उपटू नको, मुंज्या मागं लागते. मुंज्या कोणाच्या मागं लागला नाही, मागची भिंत मात्र पडली.

मुलगी शिकलेली. ती सांगते, पाखरांना लघवीची वेगळी सोयच नसते. पाणी वाया जाऊ नये म्हणून शरीरातला नको तो भाग युरिक आम्लाच्या पांढऱ्या लुगदीत बाहेर पडतो, ती लुगदी पाण्यात लवकर विरघळत नाही आणि गाडीचा रंग खाते. वाळल्यावर खरवडू नका, आधी पाणी शिंपडा, धूळ नाकात जाते, हेही तिनंच शिकवलं. मी आपला इतकी वर्षं खराट्यानं कोरडंच झाडत होतो.

उपाय सगळे करून झाले. जामाच्या झाडावर जुन्या सीड्या टांगल्या. त्यांत भाचीच्या लग्नाची पण एक गेली, ती कोणालाच अजून माहीत नाही. आठ दिवस पोपट बिचकले, नवव्या दिवशी सीडीत तोंड पाहत जाम खाऊ लागले. बरं, खातात तर एक तरी पुरता खावा. हा चोच मार, तो टाक, त्याला चाख. माझाच सदरा घालून बुजगावणं उभं केलं, तर त्याच्या खांद्यावर साळुंकी बसून शिटली. सदरा माझा असल्यामुळे ते जरा जास्त लागलं. मग नायलॉनची जाळी आणली. तिच्यात पाखराऐवजी धामण अडकली. भर दुपारी कात्री घेऊन मी एकेक धागा कापत होतो आणि ती फुत्कार टाकत होती. जाळी आता गुंडाळून माळ्यावर धूळ खात पडली आहे.

कावळ्याचा मात्र मान वेगळा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं त्याला उपद्रवी ठरवून उंदरांच्या पंगतीला बसवलं होतं, पण पितृपक्षात आम्ही त्यालाच आधी पान वाढतो. लहानपणी उन्हाळ्यात कुरडया वाळत घातल्या की काठी घेऊन राखण माझ्याकडे. माय एका काडीला काळी चिंधी बांधून मेलेल्या कावळ्यासारखी लटकवायची. बाकीचे कावळे त्यावर कलकलाट करत, पण खाली उतरत नसत. 

एकदा त्यातलाच एक उडता उडता आजीच्या डोक्याला पंजा लावून गेला. झालं. कावळा शिवला म्हणजे मरणाचा सांगावा, आणि त्यावर उतारा एकच: माणूस मेल्याची खोटी बातमी जवळच्यांना कळवायची, ते रडले की मरण टळलं. वडिलांनी मोर्शीला जाऊन अचलपूरच्या आत्याला तार केली. दुसऱ्या दिवशी दुपारी आत्या एसटीतून उतरली ती स्टँडपासून हंबरडा फोडतच. अर्धं गाव मागं. दारात येऊन पाहते तर आजी चुलीपुढं भाकरी थापते आहे. आत्याचा आवाजच बंद. आजीनं मान वर न करता विचारलं, "रडली नं चांगली? मंग झालं. हात धू, भाकर खाय."

आत्या दोन वर्षं माहेरी आली नाही. आजी त्यानंतर एकोणीस वर्षं जगली. ती गेली तेव्हाही तार गेली, आणि आत्या म्हणे अर्धा तास ती तार हातात घेऊन ओट्यावर बसून राहिली, रडावं की नाही ते ठरेना. आता तर २०१३ सालापासून तारच बंद. कावळा शिवला तर व्हॉट्सॲपवर टाकावं लागेल, आणि खाली पन्नास जण हात जोडतील, रडणार कोणी नाही.

कुठून कुठं आलो. सांगायचं होतं ते स्टँडावरच्या चिंचेचं.

पाखरांच्या विष्ठेवरून देशादेशांत लढाई झाली आहे. पेरू नावाचा देश, त्याची चिंचा नावाची बेटं. आमच्याकडे पेरूला जाम म्हणतात म्हणून बरं, नाहीतर हे सांगणारे शाळेतले मास्तर थट्टा करतात असंच वाटलं असतं. त्या बेटांवर पाऊस जवळपास नाही, त्यामुळे समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे डोंगरासारखे थर साचलेले. खत म्हणून ते जहाजं भरभरून विकलं जाई. १८६४ मध्ये स्पेननं ती बेटं बळकावली आणि १८६६ पर्यंत तोफा चालल्या. आम्ही युरियाच्या थैलीसाठी रांगेत उभे राहतो ते त्या मानानं सभ्यच म्हणायचं.

आमच्या चिंचेवर दर पावसाळ्यात गायबगळे घरटी करत. शंभरेक तरी असतील. खालचा रस्ता चुन्यानं सारवल्यासारखा. अर्धवट गिळलेले बेडूक, फुटकी अंडी, आणि पाऊस उघडला की असा वास की एसटीतले लोक काचा लावून घेत. चहाच्या टपरीवाल्याचं गिऱ्हाईक तुटलं. मोटारसायकल लावायची सोय नाही. एक म्हातारबाबा तेवढा रोज पहाटे घमेल्यानं ते गोळा करून उकिरड्यात कुजवायचा आणि त्याची वांगी गावात सगळ्यांत मोठी असायची. ताजं टाकलं तर झाड जळते म्हणायचा. पण एकट्याच्या वांग्यासाठी गावानं किती सोसावं?

अर्ज झाला. फांद्या तोडल्या गेल्या त्या ऐन श्रावणात. घरटी भरलेली होती. पिलं पिकल्या चिंचांसारखी टपाटपा पडली. काहींना पंख फुटू लागले होते, काही नुसती गुलाबी कातडी. शाळेची पोरं ती घमेल्यांत वेचत होती आणि वर बगळे गोल गोल फिरत होते, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी गेले. स्टँड आता स्वच्छ आहे, टपरीवाल्यानं नव्या खुर्च्या आणल्या आहेत.

त्या अर्जावर तेविसावी सही माझी आहे.

सातबारा ओल्या फडक्यानं टिपत होतो तेवढ्यात कागदावर एक काडी पडली. मग दुसरी. ऊन कलल्यामुळे आता वरचं नीट दिसत होतं. दोन बगळे, विणीच्या दिवसांतली डोक्यावरची केशरी झाक स्पष्ट. एक काडी आणून देत होता, दुसरी ती खोचत होती. बाजूच्या फांदीवर आणखी एक जोडी जागा पाहत होती.

शेजारच्या पोरानं कुंपणावरून हाक दिली, "काकाजी, हे आत्ताच हाकला बरं, नाईतर मंग आयकत नाईत. शिडी आणू का?"

मी बाज उचलून छपरीत घेतली.