आईला आधी कुठला सिनेमा दाखवू?

हा प्रश्न मला वर्षातून पाच-सहा वेळा तरी येतो. विचारणाऱ्या बहुतेक मुली असतात, विशी-पंचविशीतल्या. अधूनमधून एखादा मुलगा. मुलीला मुलगी आवडते किंवा मुलाला मुलगा, हे घरी सांगायचंय, पण थेट बोलायची हिंमत होत नाही, तर आधी एखादा हलकाफुलका सिनेमा दाखवून अंदाज घेऊ का? तुम्ही तसंच केलं होतंत ना? माझी गोष्ट कुणीतरी कुणाला तरी सांगितलेली असते आणि तोंडातोंडी ती सोपी होत गेलेली असते. हिनं आईला सिनेमा दाखवला, आईला पटलं, झालं.

तसं झालेलं नाही. दर वेळी फोनवर तुकड्यातुकड्यांनी सांगते आणि दर वेळी मुख्य तेच राहून जातं. म्हणून आज बसून लिहितेय.

सिनेमा होता ‘एक लडकी को देखा तो ऐसा लगा’. फेब्रुवारी २०१९. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमातून ते संबंध वगळणारा सुप्रीम कोर्टाचा निकाल ६ सप्टेंबर २०१८चा, म्हणजे जेमतेम पाच महिने झालेले. मी एकतीस वर्षांची होते, नोकरी होती, वेगळी खोली होती, बाबा जाऊन तीन वर्षं झाली होती. आईसाठी मला फार थापा माराव्याच लागल्या नाहीत. १९९४ सालच्या ‘१९४२: अ लव्ह स्टोरी’तलं ते गाणं लागलं की आई हातातलं काम थांबवते. ‘त्याच गाण्याचं नाव आहे, अनिल कपूर पण आहे यात, बाप झालाय आता’ एवढंच मी म्हणाले. ती दुपारच्या खेळाला चांगली कॉटनची साडी नेसून आली.

पुढची माझी मांडणी अशी होती: सिनेमा मजेमजेत सुरू होईल, आई हसेल, मग कळेल की यातल्या मुलीचं प्रेम एका मुलीवर आहे. तोवर ती मुलगी आईला आवडायला लागलेली असेल. शेवटी बाप समजून घेईल. घरी येताना रिक्षात मी म्हणेन, ‘आई, माझंही तसंच आहे.’ हे वाक्य मी आरशासमोर म्हणून पाहिलं होतं. ‘आई’नंतर थांबायचं की नाही, इथपर्यंत.

तर मध्यंतराच्या आसपास ते उघड झालं. मागच्या रांगेतला एकजण ‘ओ हो हो’ करून ओरडला आणि चार-सहा जण हसले. मी पडद्याकडे बघतच नव्हते. पडद्याच्या उजेडात आईचं तोंड बघत होते. तिच्या पर्सच्या चेनचा हुक तुटला होता, त्या जागी तिनं सेफ्टी पिन अडकवलेली होती. ती पिन ती उघडत होती, लावत होती, परत उघडत होती. चेहऱ्यावर काही नाही. मी त्या पिनेवरून काय काय अर्थ काढले असतील!

मध्यंतरात बायकांच्या टॉयलेटला रांग. ट्रेलरवरून असलं काही वाटलं नव्हतं हो, असं एक बाई म्हणाली. दुसरीबरोबर दहा-अकरा वर्षांची मुलगी होती. ‘आता हिला काय सांगायचं?’ असं ती हळू म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू गेलं. एक कॉलेजातली मुलगी ‘त्यात काय एवढं’ म्हणून मोबाइलमध्ये गेली. आणि माझी आई, जी रिक्षावाल्याशीही दोन वाक्यं जास्तीची बोलते, ती त्या मुलीवालीला म्हणाली, ‘हल्ली दाखवतात काहीही.’

तीन शब्द. तिच्या मागे मी उभी होते, हातात तिचा चष्मा. पुसायला दिला होता तिनं.

दुसऱ्या अर्ध्या भागात ती मुलगी नाटकातून घरच्यांना सांगते, आणि नाटक बघायला आलेले गावातले लोक चिडून उठायला लागतात. आमच्या थिएटरातूनही तेव्हाच एक कुटुंब उठून गेलं, कदाचित नुसती शाळेच्या बसची वेळ झाली असेल. आई उठली नाही. बापाच्या प्रसंगाला तिनं डोळे पुसले. मुलीसाठी पुसले की बापासाठी, हे मला तेव्हा कळलं नाही आणि नंतर विचारायची सोय राहिली नाही.

रिक्षात बसल्यावर बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, ‘त्या अनिल कपूरला स्वयंपाकाची आवड दाखवलीय, ते छान केलंय. त्याची आई ओरडते म्हणून लपून करतो बिचारा. पुरुषमाणसाला आवडू नये असं थोडंच आहे?’

मी म्हणाले, ‘हो, छान होतं.’ आणि बाहेर बघत बसले.

तुमच्यातल्या एकीनं मागे मला विचारलं होतं की इतकी चांगली संधी आली असताना मी गप्प का बसले. लपून करतो बिचारा, हे वाक्य आईनं स्वतःच्या तोंडानं म्हटलं होतं. दार अर्धं उघडं होतं. हो, होतं. पण मला तेव्हा फक्त ‘हल्ली दाखवतात काहीही’ ऐकू येत होतं. अख्खा सिनेमा बघून ही बाई स्वयंपाकावर बोलतेय, म्हणजे विषय टाळतेय, म्हणजे संपलं. मी भित्री नव्हते. मी निकाल ऐकून बाहेर पडले होते, असं मी त्या काळात स्वतःला सांगायचे.

त्यानंतर मी त्या सिनेमावर तुटून पडले. भेटेल त्याला सांगायचे: दोन मुलींचं प्रेम म्हणता आणि त्या एकमेकींचा हातसुद्धा धड धरत नाहीत. गोष्ट मुलीची, पण पुढे नेतो कोण? तिच्यावर प्रेम करणारा मुलगा. सगळं कसं गोड, कुणाला टोचायला नको. यातलं निम्मं मला आजही पटतं. पण ‘बाहेरच्या लोकांनी बाहेरच्यांसाठी लिहिलेला सिनेमा’ असंही मी म्हणायचे, आणि ते चूक होतं. लिहिणाऱ्या दोघींपैकी गझल धालीवाल स्वतः ट्रान्स आहे, म्हणजे मुलगा म्हणून वाढवलेली बाई, हे मला पुष्कळ उशिरा समजलं. थिएटरात कोण बसणार आहे आणि कुठे उठून जाणार आहे, हे तिला माझ्यापेक्षा कमी माहीत असेल का? १९९८च्या डिसेंबरात मुंबईत ‘फायर’ या दोन बायकांच्या प्रेमावरच्या सिनेमाचे खेळ तोडफोड करून बंद पाडले होते. मी तेव्हा शाळेत होते. पुढे वीस वर्षांनी तसाच विषय विनोद, गाणी आणि अनिल कपूर घेऊन आला तर त्या मऊपणाला मी भेकडपणा म्हणाले. मी स्वतः तर ‘आई’नंतरचं वाक्यही म्हणू शकले नव्हते.

आता जे दर वेळी राहून जातं ते.

आईला मी सांगितलं जुलै २०२१ मध्ये, आणि त्यात सिनेमाचा काही संबंध नव्हता. कोविडची दुसरी लाट नुकती ओसरली होती, घरोघरी लोक कागदपत्रं नीट लावत होते. आई तिच्या फाइली घेऊन बसली होती. म्हणाली, ‘तुझ्या खात्यावर नॉमिनी अजून बाबाच आहेत, ते बदलून घे.’ मी म्हणाले, माझ्या मैत्रिणीचं नाव लावणार आहे. आई म्हणाली, ‘मैत्रिणीचं? मैत्रिणीचं नाव कोण लावतं?’

मग मी सांगितलं. जे वाक्य पाठ केलं होतं ते नाहीच आलं. काहीतरी अर्धवट बोलले, आम्ही सहा वर्षं एकत्र आहोत, असं.

आईनं फाइलचं कव्हर बंद केलं. बऱ्याच वेळानं म्हणाली, ‘म्हणजे त्या सिनेमातल्यासारखं?’

मी हो म्हणाले.

‘म्हणून मला नेलं होतंस.’

मी काहीच बोलले नाही. तेव्हा तिचा आवाज चढला. मुलीचं ऐकून नाही चढला, तो यावर चढला. ‘अंधारात बसून तू माझं तोंड बघत होतीस होय? मला वाटलं, लेकीनं वेळ काढून गाण्याचा सिनेमा दाखवला. मी चार बायकांत सांगितलं ते. आणि तू मला तपासायला नेलं होतंस.’

मी तेच धरून बसले. म्हणाले, पण तू म्हणालीस ना, हल्ली दाखवतात काहीही! तिला ते आठवतही नव्हतं. रांग आठवत नव्हती, ती बाई आठवत नव्हती. मी सगळं सांगितलं, चष्म्यासकट. ती म्हणाली, ‘अनोळखी बाईशी माणूस बोलतो तसं बोलले असेन. मला माहीत असतं तर मी तसं बोलले असते का?’

या प्रश्नावर मी अजून अडकलेली आहे. तेव्हा मी तिला तावातावानं म्हणाले होते की माहीत नसताना बोललीस तेच खरं, माहीत असतं तर तू सांभाळून बोलली असतीस. आज मला वाटतं, आपल्या माणसासाठी सांभाळून बोलणं हे खोटं कसं? मी तिला खरी प्रतिक्रिया मागितली आणि ती खरेपणानं द्यायला लागणारी एकुलती एक गोष्ट तिच्यापासून लपवून ठेवली. असं आज वाटतं. उद्या परत त्या रांगेतला तिचा आवाज आठवला की वाटतं, नाही, ते खरंच होतं. दोन्ही वाटतं.

पटलं का, असं तुम्ही विचारता. तीन आठवडे ती माझ्याशी कामापुरतं बोलली. त्यानंतर तिनं नॉमिनीचा फॉर्म भरला का, एवढं विचारलं. पुढच्या वर्षी ‘बधाई दो’ आला, तो तिनं घरी आपल्या आपण पाहिला. मी हरखले. त्यात एक पोलीस आणि एक पी. टी.ची शिक्षिका घरच्यांचा तगादा चुकवायला एकमेकांशी लग्न करतात. त्याला मुलगा आवडतो, तिला मुलगी. त्या तडजोडीत माणसं किती घुसमटतात तेच तर सिनेमा दाखवतो. आईनं रात्री फोन केला. ‘असा कुणी चांगला मुलगा बघता नाही का येणार? तुम्ही दोघी राहाच एकत्र, मी कुठे नको म्हणतेय. लोकांपुरतं.’

मी फोन ठेवला आणि रडले. तिनं मन लावून पाहिलेल्या दोन तासांतून नेमकं हेच उचललं होतं. पण मी तिला कुठल्या तोंडानं बोलणार होते? ती माझ्यासाठी वाट शोधत होती, तिला दिसली ती हीच.

तिनं तो विषय परत काढला नाही. १७ ऑक्टोबर २०२३ला सुप्रीम कोर्टानं समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला, तेव्हा दुसऱ्या दिवशी पेपर वाचून ती म्हणाली, ‘म्हणजे नाहीच म्हणाले?’ त्या ‘नाहीच’मध्ये मला तिची निराशा ऐकू आली. माझी इच्छा म्हणूनही तशी ऐकू आली असेल.

आजतागायत आईनं लेस्बियन हा शब्द उच्चारलेला नाही, समलिंगीही नाही. मावशीला तिनं सांगितलं ते असं: ‘ती त्या सिनेमातल्यासारखी आहे, अनिल कपूरच्या मुलीसारखी.’ मावशीला लगेच कळलं. मी ज्या सिनेमाला भेकड म्हणाले, त्यानं माझ्या आईला बोलायला एक शब्दप्रयोग दिला, आणि तो तिनं बहिणीसमोर वापरला. याचं श्रेय सिनेमाला द्यायला मला अजूनही जड जातं. तो दाखवला नसता तर ती काय म्हणाली असती? की मी सांगितलंच नसतं?

३७७च्या निकालात न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी लिहिलं होतं की इतिहासानं या लोकांची आणि त्यांच्या कुटुंबीयांची माफी मागायला हवी. तेव्हा मला त्यातल्या ‘कुटुंबीयांची’वर राग आला होता. त्यांनी काय सोसलं? आता तो शब्द वाचते तेव्हा पर्सच्या चेनशी चाळा करणारे हात दिसतात. आपण कशात बसलोय हे न सांगता मी तिला तिथे बसवलं होतं.

तेव्हा, विचारलंत म्हणून सांगते. पैशाला किंवा राहायला घरच्यांवर अवलंबून असाल तर घाई करू नका. माझ्याजवळ पगार होता, खोलीची किल्ली होती, मी त्या जोरावर बोलले. सिनेमा दाखवायचाच असेल तर नेण्याआधी विषय सांगा. ‘यात दोन मुलींची गोष्ट आहे, मला तुझ्याबरोबर बघायचाय’ एवढं तरी. मग आईनं नकार दिला तर तो तिनं तुम्हाला तोंडावर दिलेला नकार असेल. सगळ्यांनाच हे जमेल असं नाही. मला जमलं नव्हतं. कुठला सिनेमा, हे खरंच मला सांगता येत नाही, कारण तुमची आई त्यातून काय उचलेल ते ना तुमच्या हातात आहे, ना लिहिणाऱ्याच्या.

आई आणि मी अजूनही सिनेमाला जातो, तिघी मिळून दोनदा गेलो. तिकीट काढायच्या आधी ती दर वेळी मला बसवते आणि म्हणते, ‘विषय काय आहे, आधी सांग.’ साधा मारामारीचा असला तरी. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी गोष्ट सांगते.