पॉपलच्या रानातला तित्तर आणि माझ्या मापाची बंदूक

सप्टेंबर, तिसरा आठवडा

पक्षी उठले ११, बार ७, पिशवीत शून्य.

अमेरिकेत, मिनेसोटातल्या ग्रँड रॅपिड्सच्या वर, चिप्पेवा राष्ट्रीय वनातली पायवाट. सकाळी साडेसात ते दुपारी दोन. कुत्रा नाही, सोबतीला फक्त नवरा, आणि त्याच्या हातात थर्मास. रफ्ड ग्राऊस उठतो तेव्हा गच्चीवरची ताडपत्री अचानक वाऱ्यात सुटावी तसा आवाज होतो. छातीत धस्स होतं. भान येईपर्यंत तो दोन झाडांआड गेलेला असतो. मिनेसोटातली जुनी मंडळी त्याला ग्राऊस म्हणतच नाहीत, 'पार्ट्रिज' म्हणतात, म्हणजे आपला तित्तरच. आणि ते फार चुकीचंही नाही, दोघे एकाच कुक्कुट कुळातले. (उलट आपल्याकडच्या माळावरच्या पखुर्डीला इंग्रजीत 'सँडग्राऊस' म्हणतात, तिचा ग्राऊसशी काही संबंध नाही.)

सातपैकी सातही बार वाया गेले याचं खापर मी दिवसभर स्वतःवर फोडत होते. संध्याकाळी कॅबिनवर बंदूक दोनदा रिकामी तपासली, डोळे मिटून खांद्याला लावली आणि डोळे उघडले. नळीच्या टोकावरचा मणी मला दिसलाच नाही. गाल दस्त्यावर नव्हताच, हवेत होता.

गेल्या वर्षी नवखी असताना घेतलेली ही बारा बोअरची पंप, म्हणजे पुढची मूठ मागेपुढे ओढून काडतूस भरायची छऱ्याची बंदूक. 'एका बंदुकीत सगळं होतं, बदक, टर्की, ग्राऊस,' असं काउंटरवरच्या माणसाने सांगितलं आणि मी मान डोलावली. वजन साडेसात पौंड, म्हणजे ३.४ किलो. नळी २८ इंची. दस्त्याच्या टाचेपासून चापापर्यंत साडेचौदा इंच. माझी उंची पाच फूट दोन इंच. वर नारिंगी जॅकेट, आत स्वेटर. बंदूक वर आणताना दस्ता दर वेळी बगलेत अडकत होता. पाच फूट दहाच्या माणसासाठी शिवलेला कोट मी घालून फिरत होते.

सप्टेंबर, चौथा आठवडा

रानात गेले नाही. नेमबाजीच्या मैदानावर हवेत उडवायच्या मातीच्या तबकड्या आणि एक मोठा तपकिरी कागद.

आधी तबकड्यांबद्दल. कोल्हापुरात कॉलेजात असताना एनसीसीत .२२ रायफल मारली होती आणि बरी मारली होती. तीच सवय इथे नडते. रायफलीला एक डोळा मिटायचा, श्वास धरायचा, चाप हळूच दाबायचा. स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्य घेतलं तो खेळ स्थिर राहण्याचा. छऱ्याच्या बंदुकीत स्थिर राहिलात की संपलं. दोन्ही डोळे उघडे, नजर पक्ष्यावर, नळीकडे बघायचंच नाही, आणि चाप ओढल्यावरही हात फिरता ठेवायचा. मग नळी नजरेच्या रेषेत आहे की नाही हे कोण ठरवणार? दस्ता. म्हणून तो मापाचा हवा. इथे दस्त्याचं माप हाच मागचा नेम आहे, हे मला वर्षभर कोणी सांगितलं नव्हतं.

आता कागद. २० यार्डांवर टांगला, कारण रानात माझे बहुतेक पक्षी १५ ते २५ यार्डांच्या आत उठले होते. बंदुकीत फुल चोक होता (चोक म्हणजे नळीचं टोक आवळणारा भाग, फुल म्हणजे घट्ट), टर्कीसाठी बसवलेला, मी कधी बदललाच नव्हता. छऱ्यांचा घोळका जेवणाच्या ताटाएवढा. इम्प्रूव्हड सिलिंडर हा मोकळा चोक लावला तर तोच घोळका चांगल्या परातीएवढा झाला. फुल चोकचा हिशोब ४० यार्डांवर ३० इंची वर्तुळात साधारण ७० टक्के छरे असा असतो, इम्प्रूव्हडचा ५० टक्के. ग्राऊसला ४० यार्डांवर मी बघतही नाही. ताट घेऊन माशी मारायला निघाले होते, आणि चुकून लागलीच असती तर खायला काही उरलं नसतं.

ऑक्टोबर, पहिला आठवडा

दुकानं तीन, बंदुका चौदा, खरेदी एक.

नियम एवढाच ठरवला होता: किंमत आणि नाव शेवटी बघायचं. आधी जाकीट घालून डोळे मिटायचे, बंदूक खांद्याला लावायची, डोळे उघडायचे. मणी नळीवरच्या पट्टीवर सरळ बसलेला दिसला तर पुढे बोलायचं. चौदापैकी अकरा तिथेच बाद.

बोअरबद्दल लोक तावातावाने भांडतात, मला त्यात रस उरला नाही. बोअर म्हणजे तरी काय, नळीच्या व्यासाच्या किती शिशाच्या गोळ्यांचा एक पौंड होतो तो आकडा, म्हणून २० ची नळी १२ पेक्षा बारीक. ग्राऊस जेमतेम अर्धा-पाऊण किलोचा, कातडी पातळ, दोन-चार छऱ्यांत येतो. विसाच्या काडतुसात ७/८ औंस, म्हणजे साधारण २५ ग्रॅम छरे मावतात. साडेसात नंबरचे घेतले तर तीनशेच्या आसपास. पुरे झाले की! बाराची बंदूकही चालतेच, हलकी मिळाली तर. अठ्ठाविसाची मला मनापासून आवडली, फुलासारखी उचलली जाते, पण काडतुसांचे भाव ऐकून खाली ठेवली. चारशेदहा, म्हणजे सगळ्यांत बारीक नळीची, मुलांची म्हणून शिकाऊ माणसाच्या हातात देतात ते मला पटत नाही. घोळका विरळ आणि छरे कमी, ती मुरलेल्याने वापरावी.

शेवटी घेतली ती विसाची, एकावर एक नळ्यांची, आखूड दस्त्याची. वजन सहा पौंडांच्या आत-बाहेर, नळ्या २६ इंची, चापापर्यंत १३ इंच. खालच्या नळीत आणखी मोकळा स्कीट चोक, वरच्यात इम्प्रूव्हड. पहिला बार जवळ, दुसरा थोडा लांब.

सेमी-ऑटो का नाही, असं एका मित्राने विचारलं. वजनाला त्याही हलक्या असतात, दणकाही कमी. पण पॉपलच्या (इथल्या अॅस्पेन झाडांच्या) दाटीत तिसरा बार मला कधी मिळालाच नाही, दुसरा मिळाला तरी नशीब. शिवाय पडलेलं झाड ओलांडताना बंदूक बिजागरीवर उघडून हातात धरली की दहा पावलांवरच्या माणसालाही दिसतं की ही बंदूक आत्ता उडणार नाही. याच मित्राची जुनी शेजारी नळ्यांची दुनळी, दोन चापांची, मी हाताळली. कुठला चोक हवा ते बोटानेच ठरतं, बटण शोधावं लागत नाही. फार सुंदर वस्तू. दस्ता मात्र पुन्हा साडेचौदा इंची, आणि तो कापायला सांगायची माझी हिंमत नव्हती.

इथे बंदूक घ्यायला कागदपत्रं काय लागतात, असं बऱ्याच जणांनी विचारलंय. ग्रीन कार्ड असेल तर दुकानात बंदूक खरेदीचा सरकारी फॉर्म ४४७३ भरून पार्श्वभूमीची तपासणी होते. एच-वन या नोकरीच्या व्हिसावर मुळात बंदूक बाळगायला बंदी आहे, पण चालू शिकारीचा परवाना हा त्यातला एक अपवाद आहे. तो कागद आधी, दुकान नंतर. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हा नादच संपला, आणि माळरानांची आजची अवस्था बघता त्यात मला वाईट काही वाटत नाही.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगते. घरात आता बारा आणि वीस दोन्ही आहेत. विसाचं काडतूस चुकून बाराच्या नळीत गेलं तर ते पुढे सरकून अडकतं. मागून बघितलं तर काडतुसाची जागा रिकामी दिसते. मग त्यात बाराचं घातलं आणि चाप ओढला की नळी फुटते, डाव्या हाताच्या बोटांशी. विसाची काडतुसं पिवळी असतात ती याचसाठी. माझ्या शिकारीच्या जाकिटातून बाराची काडतुसं त्याच दिवशी काढून टाकली, प्रत्येक खिसा उलटा करून.

ऑक्टोबर, तिसरा आठवडा

उठले ८, बार ४, पिशवीत १.

पानगळ झालेली, रान उघडं. मनगटाएवढ्या पॉपलची दाट राई, तोडीनंतर दहा-बारा वर्षांत वाढलेली, ग्राऊसला असंच तरणं रान लागतं. कडेला अॅल्डरची झुडपं. तो डावीकडून उठला, उजवीकडे वळला. बंदूक खांद्याला कधी लागली ते मला आठवत नाही. दणका जाणवलाच नाही. पिसं मात्र हवेत राहिली.

राखी शेपटीचा होता, लालसर नव्हे. रोजची मर्यादा ५ ची आहे, मला तो आकडा वाचूनच हसू येतं.

मांस पांढरं, चरबी जवळपास नाही, जरा जास्त शिजलं की दोरखंड. पांढऱ्या रश्श्यात शेवटची दहा मिनिटं टाकलं आणि जमलं. ताटात चार छरे निघाले. घरात लेक आहे सहा वर्षांची, तिच्या दातांखाली शिसं नको, म्हणून पुढच्या खेपेला बिस्मथची काडतुसं आणली आहेत. स्वस्तात पोलाद मिळतं, पण ते हलकं, त्यामुळे छरे मोठे घ्यावे लागतात आणि संख्येने कमी मावतात. बिस्मथ शिशाच्या जवळ जातं. कागदावर घोळका अजून मारून बघायचाय.

नोव्हेंबरात कोट जाड होणार, म्हणजे तेरा इंच पुन्हा साडेतेरासारखे लागणार. दस्त्याच्या टाचेला सध्या जाड रबर आहे, बारीक मागवलंय. त्याच्या स्क्रूला लागणारा पेचकस काही घरात सापडत नाही.