उसाच्या मुळातली पिवळी साय

परवा लागणीला घरी गेले, तेव्हा अण्णा पिंपात अ‍ॅसेटोबॅक्टर कालवून उसाच्या टिपऱ्या बुडवत होते. हवेतला नत्र उसाला मिळवून देणारं हे जिवाणूंचं खत. हेक्टरी १०० लिटर पाण्याला १० किलो, अर्धा तास बुडवायचं आणि मग सरीत. वाळवा तालुक्यात हे आता युरियाच्या पोत्याइतकं ओळखीचं झालंय. "हा जिवाणू १९८८ पर्यंत कुणाला माहीतच नव्हता, आणि सापडला तो उसाच्याच मुळांत," असं मी म्हटल्यावर त्यांनी हातातली टिपरी उलटीसुलटी करून बघितली. "म्हंजे ह्यो उसातलाच हाय?"

होय, उसातलाच. ब्राझीलमध्ये काही शेतांत नत्राचं खत अगदी थोडं देऊनही वर्षानुवर्षं ऊस चांगला येत होता. मग नत्र येतो कुठून? रिओजवळ सेरोपेदिकाला सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ योहाना डोबेराइनर हा प्रश्न धरून बसल्या होत्या. त्या आणि त्यांचे सहकारी कावाल्कांती यांनी जिवाणूला त्याच्या घरचं जेवण दिलं: नत्र अजिबात नाही, लिटरला १०० ग्रॅम साखर आणि चव आंबट. एवढ्या साखरेत न् आंबटात नत्र धरणारं कुणी जगेल, असं तेव्हा फारसं कुणाच्या मनात नव्हतं. मला त्यांच्याबद्दल सगळ्यात जास्त आदर वाटतो तो या मीडियासाठी, म्हणजे जिवाणू वाढवायच्या खाद्यासाठी. उसाच्या आत राहणाऱ्याला शोधायचं तर उसाच्या रसासारखंच काहीतरी त्याच्यापुढे ठेवायला हवं ना!

हे मी स्वतः चुकून शिकले. घरच्या उसाची मुळं पहिल्यांदा लॅबमध्ये नेली, तेव्हा नेहमीचा, कमी साखरेचा मीडिया वापरला. दोनदा हाती काहीच लागलं नाही. तिसऱ्यांदा मुळं धुतली, वरून निर्जंतुक केली, खलात वाटली आणि तो रस साखरेच्या आंबट, पातळ जेलीसारख्या मीडियात सोडला. पाचव्या दिवशी बाटलीच्या तोंडाशी दुधावर धरावी तशी साय धरली होती, पिवळी. ती बटाट्याच्या अगारवर, म्हणजे घट्ट जेलीवर, पसरली, तर कॉलन्या तपकिरी, ओलसर, गुळाच्या रंगाच्या आल्या. मी बाटली उजेडात धरून कितीतरी वेळ बघत राहिले.

साय मिळाली म्हणजे नवी जात मिळाली, असं नसतं. आता जिवाणूंची ओळख पटवणाऱ्या सोळा-एस जनुकाची सुमारे १५०० अक्षरं वाचतात. जवळच्या जातीशी साम्य ९८.७ टक्क्यांच्या खाली आलं, तर आशा. मग अख्खा जीनोम ताडून बघायचा, तिथे ९५-९६ टक्क्यांच्या खाली यायला हवं. शिवाय नव्या जिवाणूचा जिवंत वाण दोन वेगवेगळ्या देशांतल्या जिवाणू-संग्रहांत ठेवावा लागतो, म्हणजे उद्या कुणालाही तो मागवून तपासता येतो. माझा जिवाणू ९९ टक्क्यांच्या वर जुळला. ब्राझीलवाल्याचाच भाऊबंद, पिंपातलाही तोच; आताचं त्याचं पूर्ण नाव ग्लुकोनअ‍ॅसेटोबॅक्टर डायअ‍ॅझोट्रॉफिकस. नवा नसला तरी आमच्या रानातला होता, आणि मला तेवढ्यानंच भरून आलं.

नुसत्या मातीत हा फारसा टिकत नाही. टिपरीतून टिपरीत जातो, म्हणजे बेण्याबरोबरच त्याचा वंश चालतो. आणि नत्राचं खत वाढलं की उसातली त्याची संख्या घटते. हे ऐकून अण्णा गप्प झाले. मग म्हणाले, "पलीकडच्या खोडव्याला औंदा युरिया कमीच पडलाय. त्याची मुळं बघतीस का?"

कुदळीनं त्यांनी स्वतःच दोन ठोंब उकरून दिले. ओल्या फडक्यात गुंडाळून ते काल लॅबमध्ये आणलेत. आज मीडिया ओतला.