हलकी मीड मध्येच अडकते तेव्हा : माझा अनुभव

मीड म्हणजे मध आंबवून केलेली दारू. ती करायची म्हटलं की ‘मध, पाणी, यीस्ट घाला आणि वाट बघा’ एवढंच जो तो सांगतो. यातल्या ‘वाट बघा’चा मला अजूनही संताप येतो. ४-५ टक्के अल्कोहोलची हलकी मीड १.०१४ ग्रॅव्हिटीवर (म्हणजे पाण्याच्या तुलनेतली घनता; पाण्याची १.०००, साखर जास्त तितका आकडा मोठा) येऊन थांबली, की नुसती वाट बघून ती सहसा हलत नाही. ती का थांबली ते शोधावं लागतं, आणि कारण बहुतेक वेळा दोन जागी सापडतं: नायट्रोजन आणि पीएच (आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त).

आधी प्रमाण सांगते, कारण पुढचे आकडे त्यावरच बेतलेले आहेत. एकूण १० लिटर मिश्रणाला १.२ किलो मध. मधात साधारण ८० टक्के साखर असते, त्यामुळे सुरुवातीची ग्रॅव्हिटी १.०३५ च्या आसपास येते. ती १.००० ला उतरली की अल्कोहोल ४.६ टक्क्यांच्या घरात. जड, म्हणजे जास्त अल्कोहोलच्या मीडला याच्या जवळपास तिप्पट मध लागतो. म्हणूनच अकेशियासारखा सौम्य मध इथे वाया जातो. साखर संपली की मागे पाणचट चव उरते. बकव्हीट, चेस्टनट, हीदर असे उग्र मध इथे खरे कामाला येतात. फक्त गोडवा गेला की त्याखाली दडलेलं सगळं उघडं पडतं हे लक्षात ठेवा. बकव्हीटच्या मधात मळीसारखी दाट चव असते, तशीच गोठ्यासारख्या वासाची झाकही असते. चेस्टनटचा मध मुळातच कडसर. त्यामुळे मी ४०० ग्रॅम उग्र आणि ८०० ग्रॅम सौम्य मध असं मिश्रण घेते. चेस्टनट असेल तर ३०० ग्रॅमच.

मध उकळायचा नाही. थोडं पाणी कोमट, म्हणजे ३५-४० अंशांचं करून त्यात मध विरघळवायचा आणि बाकीचं पाणी थंडच घालायचं. उकळलं की सुवास वाफेबरोबर उडून जातो, आणि त्या सुवासासाठीच तर हा मध निवडलेला असतो. भांडी, सायफनची नळी, एअरलॉक (गॅस बाहेर सोडणारं पण हवा आत न घेणारं बूच) सगळं निर्जंतुक. यीस्ट ५ ग्रॅम. मी ७१बी ही वाइनच्या यीस्टची जात वापरते, कारण तिची मीड लवकर पिण्याजोगी होते. तापमान १८ ते २० अंश. इथपर्यंत कुणाचं काही अडत नाही.

अडतं ते पुढे. मधात नायट्रोजन नावापुरतं असतं आणि हलक्या मीडमध्ये मधच कमी, म्हणजे तेवढंही नाही. यीस्टला वाढायला नायट्रोजन लागतं. ते नसलं की पेशींची वाढ खुंटते, सडक्या अंड्यासारखा वास यायला लागतो आणि किण्वन रेंगाळतं. यावर सर्रास मिळणारा सल्ला म्हणजे ‘मूठभर मनुका टाका’. मनुकांनी थोडी साखर आणि थोडी चव येते. नायट्रोजन इतकं नगण्य मिळतं की १० लिटरला त्याचा काही उपयोग नाही. हा सल्ला इतक्या ठामपणे दिला जातो की नवीन माणूस पोषण दिल्याच्या समजुतीत निर्धास्त बसतो. तयार पोषक मिळत असेल तर १० लिटरला फर्मेड-ओ (यीस्टपासूनच केलेलं पोषक) ५ ग्रॅम आणि डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) २ ग्रॅम. नसेलच तर १० ग्रॅम बेकरीचं यीस्ट कपभर पाण्यात १० मिनिटं उकळून, थंड करून घाला. त्या मेलेल्या पेशी जिवंत यीस्टचं खाद्य होतात आणि मनुकांपेक्षा कितीतरी बऱ्या.

हे पोषक कधी द्यायचं, इथे दुसरा घोळ होतो. २४, ४८ आणि ७२ तासांचं जे वेळापत्रक सगळीकडे दिलेलं असतं, ते जड मीडसाठी आहे. पोषक साखरेचा पहिला एक तृतीयांश हिस्सा संपेपर्यंत देऊन व्हायला हवं, म्हणजे आपल्या बाबतीत ग्रॅव्हिटी १.०२३ ला येईपर्यंत. हलकी मीड तिथे दीड-दोन दिवसांत पोचते. म्हणून निम्मं पोषक यीस्ट घातल्यावर १२ तासांनी आणि निम्मं २४ ते ३० तासांच्या दरम्यान. देण्याआधी हळूहळू ढवळून गॅस काढून टाका आणि पावडर दोन चमचे पाण्यात कालवून घाला. कोरडी पावडर थेट टाकली तर तिच्या प्रत्येक कणाभोवती गॅस सुटतो आणि फेस भांड्याबाहेर येतो.

पोषक नीट दिलं तरी मीड अडकू शकते, आणि तिथे पीएच आडवा येतो. यीस्ट कामाला लागलं की आम्ल वाढतं. डीएपीतला अमोनियम शोषतानाही पीएच खाली ओढला जातो. मोसंबीच्या किंवा द्राक्षाच्या रसात हा धक्का सोसायला पुरेसे क्षार आणि आम्लं असतात, पातळ मधपाण्यात नसतात. पहिल्या दोन दिवसांतच पीएच ३ च्या खाली घसरू शकतो आणि यीस्ट गारठतं. चेस्टनट, बकव्हीट यांसारख्या गडद मधात खनिजं जास्त असतात म्हणून ते थोडं सांभाळून घेतात, पण मिश्रणात त्यांचा वाटा फार तर एक तृतीयांश आहे. त्यात आरओचं किंवा डिस्टिल्ड पाणी वापरलं की उरलासुरला आधारही जातो. शुद्ध पाणी म्हणून कौतुकाने हेच घेतलं जातं, म्हणून मुद्दाम सांगते: साधं, थोडं जड पाणी चांगलं. त्यात क्लोरिन असेल तर आधी उकळून गार करून घ्या, नाहीतर मीडला औषधी वास लागतो.

१.०१४ वर थांबलीच, तर क्रम असा. आधी ग्रॅव्हिटी खरंच तेवढी आहे का ते बघा. नमुना हलवून गॅस काढा आणि नळीत हायड्रोमीटर (ग्रॅव्हिटी मोजायची तरंगती काचनळी) गर्रकन फिरवून सोडा. त्याच्या अंगाला चिकटलेले बुडबुडे त्याला वर उचलतात आणि आकडा खोटा येतो. थेंबातून जाणाऱ्या प्रकाशावरून साखर मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर तर विसंबूच नका, अल्कोहोल झाल्यावर तो साखर जास्त दाखवतो. मग पीएच बघा, तोही गॅस काढूनच. ३.१ पेक्षा कमी असेल तर १ ग्रॅम पोटॅशियम बायकार्बोनेट थोड्या मीडमध्ये विरघळवून घाला, ढवळा, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. ३.४ ते ३.६ वर आलं की थांबा. १० लिटरला बहुधा २-३ ग्रॅम पुरतात. खाण्याचा सोडा नको, त्याने खारट चव येते. यानंतर भांडं २० अंशांवर आणा आणि दोन दिवस द्या.

तरीही हालचाल नाही? मग नवीन यीस्ट, पण ते सरळ ओतायचं नाही. ३५ अंशांच्या पाण्यात २० मिनिटं फुलवा, त्यात तेवढीच अडकलेली मीड मिसळा, अर्ध्या तासाने पुन्हा दुप्पट करा, असं तीन-चार वेळा. बुडबुडे दिसायला लागले की सगळं भांड्यात. ग्रॅव्हिटी १.०१३, मग १.०११ अशी उतरताना दिसली की जो सुटकेचा निःश्वास टाकते, तो शब्दांत सांगता येणार नाही.

एअरलॉक गप्प आहे म्हणजे मीड झाली, असं समजून बाटल्या भरू नका. हे सगळ्यात धोक्याचं. ग्रॅव्हिटीचा एक अंक (०.००१) उतरला की मीडच्या आकारमानाच्या निम्मा गॅस तयार होतो. १.०१२ वर बंद केलेल्या बाटलीत यीस्ट पुन्हा जागं झालं तर सहा आकारमानं गॅस होतो, साध्या काचेचे तुकडे उडतात. तीन दिवसांच्या अंतराने दोनदा मोजा; आकडा तोच आणि १.००० च्या जवळ असेल तरच पुढे.

चवीचं राहिलं. हलकी मीड तोंडात पातळ लागते. १० लिटरला कपभर कडक कोरा चहा घातला की टॅनिनने थोडा भरीवपणा येतो. उग्र मधाला मुळात कडवटपणा असेल तर आधी ग्लासभर मीडमध्ये थेंब-थेंब घालून चव बघा. उरलेली कसर फेस भरून काढतो: सायफनने गाळावरून उतरवून १० लिटरला ६५ ग्रॅम साखर, पाण्यात उकळून गार केलेली. बाटल्या बिअरच्या किंवा शॅम्पेनच्या जाड काचेच्याच, आणि एक बाटली सोड्याच्या प्लास्टिकची भरा. ती दाबून बघितली की बाकीच्यांत किती गॅस झालाय ते कळतं. दगडासारखी कडक झाली की सगळ्या फ्रिजमध्ये. एवढं कमी अल्कोहोल मीडला फार काळ टिकवत नाही, काही महिन्यांतच संपवा.