आमची वाटचाल : हिरव्या टोमॅटोची चटणी

बागेतल्या टोमॅटोचा हंगाम संपताना झाडांवर लाल कमी आणि हिरवे जास्त, अशी वेळ येते. तापमान १० अंशांच्या खाली राहू लागलं की फळ पिकायचं जवळजवळ थांबतं. झाडं उपटावी लागतात आणि टोपल्या भरून हिरवी फळं उरतात. आमचा धंदा उभा आहे तो या उरलेल्या फळांवर.

माझ्या जाऊबाईंना काही वाया गेलेलं बघवत नाही आणि मला जमाखर्च लिहिल्याशिवाय चैन पडत नाही. आधी घरची बाग, मग ओळखीतल्यांच्या बागा. माल वाढला तशी निवड कडक करावी लागली. प्रत्येक टोपलीतलं एखाद-दुसरं फळ जाऊबाई आडवं चिरून बघतात. बियांभोवती चिकट गर धरला असेल आणि सुरीखालून बी निसटत असेल, तर फळ पुरतं भरलेलं आहे. बीच चिरली जात असेल, तर ते कोवळं. कोवळ्या फळात टोमॅटिन हे कडू द्रव्य जास्त असतं, त्यामुळे चटणीला कडवटपणा येतो. गोटीएवढी फळं म्हणूनच आम्ही घेत नाही, देणाऱ्याला कितीही वाईट वाटलं तरी.

खरी कसोटी लागली ती घरचं पातेलं सोडून मोठं भांडं घेताना. टोमॅटोत ९० टक्क्यांहून जास्त पाणीच. चटणी करायची म्हणजे हे पाणी उडवायचं, बाकी सगळं त्यामागून. पातेलं खोल घेतलं की आतला माल दुप्पट होतो, पण वाफ जायला वरचं तोंड काही त्या प्रमाणात वाढत नाही. मग चटणी तासन्‌तास रटरटत राहते, साखर करपटते, रंग काळपट होतो आणि आल्याचा वास निघून जातो. भांडी विकणाऱ्याने एकच भलं मोठं पातेलं घ्या म्हणून बराच आग्रह केला. आम्ही घेतली पसरट, जाड बुडाची स्टीलची पातेली, एकाला चार. भांडी घासणं वाढलं, माणूस वाढला, पण चटणी हिरवट सोनेरी राहिली. पितळ आणि ॲल्युमिनियम मात्र या कामाला नको, आंबटाशी त्यांचं जमत नाही.

फोडींना रात्रभर मीठ लावून सुटलेलं पाणी सकाळी ओतून दिलं की शिजवण्याचा वेळ आणखी वाचतो. आधी टोमॅटो, कांदा आणि आलं नुसतंच मऊ करून घ्यायचं, व्हिनेगर मागून. आंबट आधी पडलं तर कांदा कितीही शिजवा, कचकचीतच राहतो. साखर त्याहून शेवटी, कारण ती पडली की बूड लागायची भीती. झाली कधी, हे पाहायला यंत्र लागत नाही. पातेल्याच्या तळावरून उलथनं ओढायचं. मागे वाट उघडी राहिली आणि पाणी धावून आलं नाही, की गॅस बंद.

पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त. त्यासाठी मात्र यंत्रच हवं. ४.६ ही सुरक्षिततेची मर्यादा, त्याखाली बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढत नाहीत. हिरवा टोमॅटो स्वतः आंबट असला तरी कांदा आणि मिरची तशी नसतात, म्हणून आम्ही ४ च्या आत राहतो आणि व्हिनेगर किमान ५ टक्क्यांचं वापरतो. मीटर रोज प्रमाणित द्रावणात तपासला जातो. चटणी ८५ अंशांच्या वर असतानाच गरम बरण्यांत भरली जाते, आणि गार झाल्यावर झाकण मधोमध आत ओढलं गेलेलं नसेल, तर ती बरणी विक्रीला जात नाही.

धंद्यातला सगळ्यात अवघड भाग स्वयंपाकघराबाहेरचा आहे. ताजी चटणी नाकात चढते. व्हिनेगरचा उग्रपणा मवाळ व्हायला सहा ते आठ आठवडे लागतात. फळ, साखर, बरण्या, मजुरी यांचे पैसे आधी जातात आणि माल मात्र फडताळात बसून राहतो. गिऱ्हाईक विचारतं, आताच द्या ना! आम्ही देत नाही. त्यामुळे वर्षभराची विक्री एका हंगामाच्या उत्पादनावर ठरते आणि संपलं की संपलं.

सध्या कमी साखरेचा प्रकार करून पाहतोय. साखर कमी केली की टिकण्याची मुदत घटते, म्हणून त्याच्या बरण्या लहान ठेवल्यात. उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवा, ही सूचना लेबलवर किती मोठी छापायची यावर जाऊबाईंचं आणि माझं अजून एकमत झालेलं नाही.