पूर दारात नाही आला तरी लागणारं सामान

कोल्हापुरात पुराचं सामान म्हणजे नदीकाठच्या कुंभार गल्ली, सुतारवाडा, चिखली-आंबेवाडी इथल्या लोकांनी जमवायची गोष्ट, असा उंचावर राहणाऱ्यांचा समज असतो. २०१९ आणि २०२१ मध्ये तो पार धुऊन निघाला. उपसा केंद्रं पाण्याखाली गेल्यावर नळ सगळ्या शहराचे कोरडे पडले, शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला आणि दूध-भाजी-पेट्रोलची टंचाई राजारामपुरीतल्या तिसऱ्या मजल्यावरही पोचली. तेव्हा ‘घरात पाणी येईल का’ यापेक्षा ‘आठवडाभर बाहेरून काही आलं नाही तर’ हा हिशेब आधी करायचा, आणि तो मे महिन्यात करायचा.

सगळ्यात आधी पाणी. पिण्याला आणि स्वयंपाकाला धरून माणशी रोज ४ लिटर. पाच माणसं, सात दिवस, म्हणजे १४० लिटर. हे साठवायला २० लिटरचे जार सगळे घेतात, पण भरलेला जार २० किलोचा होतो आणि लाईट नसताना तो जिन्यावरून चढवणं घरातल्या म्हाताऱ्या माणसांना झेपत नाही. १० लिटरचे झाकणाचे कॅन घ्या, जास्त लागले तरी चालतील. वापरायच्या पाण्याचा हिशेब वेगळा, त्याला छतावरची टाकी. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३. इशाऱ्याची बातमी आली की जमिनीखालच्या टाकीतलं पाणी मोटर लावून वर चढवून टाकायचं आणि मोटरचा एमसीबी पाडायचा. खालच्या टाकीचं झाकण पाणीबंद नसतं. पुराचं पाणी आलं की त्यात गटाराचंही उतरतं आणि ती टाकी धुऊन निर्जंतुक केल्याशिवाय वापरता येत नाही. वरच्या टाकीतून बाथरूमला जाणारा व्हॉल्व्ह बंद ठेवा. बादलीने घेतलं की किती उरलं ते दिसतं, नळ उघडा राहिला की टाकी नकळत रिकामी होते.

क्लोरीनच्या गोळ्या ठेवा, पण गढूळ पाण्यात गोळी टाकून काही होत नाही, क्लोरीन मातीतच खर्च होतो. आधी तुरटी फिरवून पाणी निवळू द्या, वरचं निवळ पाणी फडक्याने गाळून घ्या, मग पाकिटावर लिहिलेल्या मापाने गोळी टाका आणि अर्धा तास थांबा. अर्ध्या तासाने क्लोरीनचा हलका वास उरला पाहिजे. तुरटीचा एक खडा वर्षानुवर्षं पुरतो, म्हणून तो कुणी विकत आणत नाही आणि नेमका त्या दिवशी सापडत नाही.

गॅसच्या टाकीबद्दल एक गैरसमज पक्का बसलेला आहे: भरलेली टाकी जड, ती जागची हलणार नाही. १४.२ किलोच्या टाकीत पाणी मावतं ३३.३ लिटर, आणि गॅससकट तिचं वजन भरतं ३० किलोच्या आसपास. म्हणजे भरलेलीसुद्धा तरंगते. तरंगली की रबरी नळीला ओढ बसते आणि जोड सुटतो. पाणी दारात यायच्या आधी रेग्युलेटर बंद करून काढा, टाकीवर सेफ्टी कॅप बसवा आणि नायलॉनच्या दोरीने टाकी खिडकीच्या गजाला उभी बांधा. ती कॅप बहुतेक घरांत टाकी आली त्याच दिवशी हरवलेली असते. दोरीला बांधून ठेवली तर हाताशी राहते.

तळमजल्यावर पाणी दारातून यायच्या आधी मोरीतून आणि संडासातून येतं, कारण गटार तुंबून उलटं फिरतं. जाड प्लॅस्टिक पिशवीत वाळू अर्धी भरून तोंड घट्ट बांधा, अशा चार पिशव्या तयार ठेवा. अर्धीच, कारण गच्च भरलेली पिशवी भोकावर नीट बसत नाही. ती मऊ असली की कडेकडेने दबून बसते.

खाण्यात विस्तवाशिवाय चालणारं आधी. पाच माणसांना तीन दिवसांसाठी पातळ पोहे २ किलो, फुटाणे, शेंगदाणे आणि गूळ प्रत्येकी किलोभर, शिवाय कांदा-लसूण चटणी. दडपे पोहे गॅस नसताना होतात. चिरमुरे आणि भडंग आवडत असले तरी पावसाळी हवेत पाकीट फुटलं की तासाभरात सादळतात, म्हणून पाव किलोची छोटी पाकिटं घ्या. शेंगदाणे जुलैपर्यंत खवट होतात, ते दर महिन्याला वापरून नवे भरायचे. डाळ-तांदूळ घरात असतातच, त्याची वेगळी पेटी कशाला.

औषधांत बीपी-शुगरच्या गोळ्या किमान १५ दिवसांच्या, चिठ्ठीच्या झेरॉक्ससह. इन्सुलिन घेणाऱ्यांनी फ्रिज बंद पडेल हे धरून चालायचं: नवी बाटली सोबत असावी आणि बर्फाला थेट लावू नये, गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं. ओआरएसची पाकिटं दहा-बारा. संपली तर उकळून गार केलेल्या १ लिटर पाण्यात साखर सपाट ६ चमचे आणि मीठ सपाट अर्धा चमचा, चहाच्या चमच्याने. मीठ अंदाजाने टाकू नका, जास्त झालं तर त्रास वाढतो. पाण्याबरोबर साप घरात येतात. चावला तर चिरायचं नाही, घट्ट बांधायचंही नाही, हालचाल कमी ठेवून सरळ सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय) किंवा जवळचं मोठं रुग्णालय.

बॅटरीत सेल घालून ठेवले की गळतात आणि आतल्या स्प्रिंगवर पांढरी पूड चढते. सेल वेगळ्या पिशवीत, बॅटरीलाच बांधून ठेवा. पॉवर बँक महिन्यातून एकदा चार्ज करा. इन्व्हर्टरची मोठी बॅटरी एकट्याला उचलत नाही, तेव्हा ती कायम उंच कट्ट्यावरच बसवलेली बरी.

रेशनकार्ड, आधार, पासबुक, घरफाळ्याची पावती, लाईट बिल आणि प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबारा एकाच झिपच्या पाऊचमध्ये, आणि सगळ्यांचे फोटो दोघा-तिघांच्या मोबाईलवर. घर कोरडं असतानाच प्रत्येक खोलीचा, फ्रिज-टीव्हीच्या कंपनीच्या पट्टीसकट एक व्हिडिओ करून ठेवा. पंचनाम्याला आणि विम्याच्या दाव्याला तो कामाला येतो. हे सामान ठेवलेल्या पेटीच्या झाकणाला आतून १०७७ हा जिल्हा आपत्ती कक्षाचा आणि १०८ हा रुग्णवाहिकेचा नंबर चिकटवा, शेजारी घरातल्यांचे नंबर हाताने लिहून, कारण फोन बंद पडला की मुलाचा नंबरसुद्धा आठवत नाही.