सगळ्यांना वाटायचं ह्याला कन्नड येत नाही

मी खानापूर तालुक्यातला, शाळा सगळी मराठीतून, आणि गेली बारा वर्षं कर्नाटक पोलीसमध्ये कॉन्स्टेबल आहे. 37 व्या वर्षी मला ऑटिझम असल्याचं निदान झालं. मी स्वतः शोधत होतो तेव्हा मराठीत जे मिळालं ते सगळं लहान मुलांबद्दल होतं, ड्युटी करणाऱ्या मोठ्या माणसाबद्दल काहीच नाही, म्हणून लिहितोय.

ठाण्यात माझं काही चुकलं की कारण ठरलेलं, मराठी माणूस, कन्नड कळत नाही त्याला. आणि खरं सांगायचं तर मला ते बरंच पडायचं, कारण कन्नडमध्ये मी "अंद्रे एनु सर?" म्हणजे नक्की काय करायचं असं बिनधास्त विचारू शकायचो आणि समोरचा न चिडता फोड करून सांगायचा. मराठीत तोच प्रश्न घरी विचारला की बायकोला वाटायचं मी मुद्दाम तिरकं बोलतोय.

2023 च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्र बॉर्डरवर चेकपोस्टला होतो. साहेबांनी एका गाडीकडे हात केला, "अदन स्वल्प नोडको" म्हणाले आणि फोनवर बोलत पुढे गेले. मी बघत राहिलो. नंबर, टायरला लागलेली लाल माती, ड्रायव्हर किती वेळा उतरला, सगळं डायरीत लिहिलं. डिकी उघडली नाही, कारण उघड असं कोण म्हणालंच नव्हतं. मागे गाड्यांची रांग लागली, साहेब परत आले, सगळ्यांसमोर जे बोलायचं ते बोलले आणि दुसऱ्या दिवशी हातात मेमो. वर "आधी कन्नड नीट शीक" हे होतंच. त्या रात्री झोपच आली नाही, कारण एक गोष्ट डोक्यात आली की त्यांनी मराठीत "जरा बघून घे" म्हटलं असतं तरी मी तेच केलं असतं.

त्याच सुमारास बहिणीच्या मुलाला बेळगावात थेरपी सुरू झाली होती. तिथला एक फॉर्म भरायला तिने मला बसवलं, लिहिणं माझं चांगलं म्हणून. अर्धा फॉर्म झाल्यावर मी पेन खाली ठेवलं. भाच्याचं म्हणून जे लिहीत होतो ते माझंच होतं.

मग स्वतःची तपासणी करून घ्यायला धारवाडला गेलो. तिथे डॉक्टर म्हणाले लहानपणीचं सांगणारं कोणीतरी पाहिजे, मग पुढच्या वेळी आईला नेलं. आईला कन्नड येत नाही, डॉक्टरांना मराठी जेमतेम, त्यामुळे माझ्या लहानपणाची जबानी मीच ट्रान्सलेट करत बसलो. आई म्हणाली, "दिवाळीची नवी कापडं सात आठ येळा धुतल्याबिगर ह्यो अंगाला लावून घ्यायचा न्हाई, आनी सौंदत्तीला नेलं तवा चौंडक्याच्या आवाजानं गाडीखाली जाऊन बसला, दोन तास, हाका मारून मारून ह्येचे बाबा रडले." बाबा रडले हे मला माहीतच नव्हतं. जबानी घेताना शब्द बदलायचा नाही ही माझी सवय, म्हणून तेही तसंच कन्नडमध्ये सांगितलं, पण आवाज फुटला माझा. डॉक्टरांनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि थोडा वेळ काही विचारलं नाही. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

रिपोर्ट हातात आला आणि खरी भीती तिथून सुरू झाली. केंद्राने ऑगस्ट 2021 मध्ये आयपीएस आणि आरपीएफ म्हणजे रेल्वे सुरक्षा दलातली पदं अपंगांच्या आरक्षणातून वगळली होती, ते वाचून पोटात गोळा आला. अपंगांच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्यातल्या 21 प्रकारांत ऑटिझम आहे, आणि कलम 20 म्हणतं की सेवेत असताना अपंगत्व आलं तर सरकारी नोकरीतून काढता येत नाही किंवा खालच्या पदावर टाकता येत नाही. पण ऑटिझम जन्मापासून, मग 'आलं' हा शब्द मला लागू होतो का? चार रात्री त्या एका शब्दावर काढल्या. शेवटी एका वकिलांनी डिसेंबर 2021 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल वाचायला दिला, सीआरपीएफच्या एका अधिकाऱ्याचा, मानसिक आजारातून झालेल्या वागण्यावर शिस्तीची कारवाई म्हणजे भेदभाव ठरू शकतो असा. तो वाचला तेव्हा जरा धीर आला. अपंगत्वाच्या सर्टिफिकेटसाठी पोर्टलवर अर्ज केला, मेडिकल बोर्डासमोर बसलो, 40 मुद्द्यांची तपासणी झाली, त्यातलं बरंचसं लहान मुलांना डोळ्यासमोर ठेवून केल्यासारखं वाटलं. ते सगळं सावकाश चालतं, त्यावर जास्त लिहीत नाही.

ठाण्यात सांगायला मी जुलै 2024 ची वेळ धरली. 1 तारखेपासून आयपीसीच्या जागी भारतीय न्याय संहिता आणि बाकीचे नवे फौजदारी कायदे लागू झाले होते, सगळे गोंधळलेले, आणि मला जुनी नवी कलमं दोन आठवड्यांत पाठ झालेली. खुनाच्या 302 ची 103, फसवणुकीच्या 420 ची 318 पोटकलम 4, चोरीच्या 379 ची 303 पोटकलम 2. दफेदार म्हणजे आमचे हेड कॉन्स्टेबलसुद्धा माझ्या टेबलाशी येऊन विचारायचे. नवीन साहेबांकडे गेलो तेव्हा दोनच वाक्यं लिहून नेली होती. मला ऑटिझम आहे. ऑर्डर देताना जागा, वेळ आणि काय करायचं एवढं सांगा, मी एकही गोष्ट सोडणार नाही. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "अंद्रे एनु?" माझाच प्रश्न! मग मी चेकपोस्टचं सगळं सांगितलं, पहिल्यापासून. त्यांनी मला रायटरच्या, म्हणजे ठाण्याचं लिखापढीचं काम बघणाऱ्याच्या, हाताखाली दिलं.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. डोळ्याला डोळा देत नाही म्हणजे काहीतरी लपवतोय, हे आमच्यात सगळे धरून चालतात. बस स्टँडवरून एकदा रात्री एका पोराला आणलं, विचारलेलंच परत बोलत होता, सगळे म्हणाले नशा केलीय. मी ट्यूबलाइट बंद केली, शेजारी बसलो आणि एका वेळी एकच विचारलं. वीस मिनिटांनी त्याने वडिलांचा नंबर सांगितला, दहाच्या दहा आकडे बरोबर.

बंदोबस्त चुकत नाही, आणि बेळगावचं गणपती विसर्जन दुसऱ्या दिवसापर्यंत चालतं. एका कानात वॉकीटॉकीचा इअरफोन, दुसऱ्यात बोळा, असं साहेबांना विचारून घेतलंय. गेल्या विसर्जनाला दफेदारांनी रोल कॉलनंतर हातात चिठ्ठी दिली, कन्नड अक्षरात पण शब्द मराठी. "कपिलेश्वर तलावाकडचं बॅरिकेड. संध्याकाळी पाच. दोरीच्या आत फक्त मंडळाची माणसं. कुणी भांडलं तर मला वायरलेसवर सांग, तू एकटा जाऊ नकोस." ती चिठ्ठी अजून खिशातल्या डायरीत आहे.